शिराझ पहिल्यांदा बघताय? मग घड्याळ नाही, ऊन बघून फिरा

इराणमधल्या शिराझला जायचं ठरलं की आपण सगळे एकच गोष्ट करतो, नकाशा उघडतो, ठिकाणांची यादी करतो आणि जवळजवळची ठिकाणं एका दिवसात बांधून टाकतो. आई आणि मी 2025 च्या एप्रिलमधे गेलो तेव्हा आम्हीही तेच केलं. पहिल्या दिवशी निवांत नाश्ता करून अकराच्या सुमाराला नासिर-ओल-मोल्क मशिदीत पोचलो आणि ज्या रंगीत उजेडासाठी लोक लांबून लांबून येतात तो उजेड तोपर्यंत खिडक्यांच्या पायथ्याशी गोळा होऊन विझत आला होता. आई म्हणाली उद्या परत येऊ, लवकर येऊ. दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधी दारात उभे होतो आणि मग त्या एका तासात जे बघितलं त्यावरून बाकीचे तीन दिवस कसे फिरायचे ते ठरलं. सकाळचं कोवळं ऊन मशिदीत, दुपारचं कडक ऊन छताखालच्या बाजारात, कलतं ऊन बागेत आणि अंधार पडताना हाफिझ या फारसी कवीच्या कबरीपाशी. हे गावच तसं बांधलंय. खाली सगळं क्रमानं लिहितेय, पहिल्यांदा जाणाऱ्याला उपयोगी पडेल असं.

निघायच्या आधी

सगळ्यात आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची इराणबद्दलची सूचना वाचा. तिकीट काढायच्या आधी वाचा आणि निघायच्या आदल्या दिवशी परत वाचा. 2025 च्या जूनमधे इराण आणि इस्राएलचं युद्ध झालं, तेव्हापासून परिस्थिती बदलती आहे, आणि सूचनेत जाऊ नका असं लिहिलेलं असेल तर खरंच जाऊ नका, शिराझ हजार वर्षं तिथं आहे, थोडं थांबलं तर कुठं जात नाही.

व्हिसाचं म्हणाल तर आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टवर विमानानं आलं तर 15 दिवस व्हिसाशिवाय राहता यायचं. ती सवलत 22 नोव्हेंबर 2025 पासून बंद झाली, कारण नोकरीची खोटी आमिषं दाखवून लोकांना तिकडं नेऊन लुबाडण्याचे प्रकार घडले होते. त्यामुळं जुने व्हिडिओ बघून निघू नका, रीतसर व्हिसा काढा.

पैसे. आपलं डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड, काहीही तिकडं चालत नाही, कारण आर्थिक निर्बंधांमुळं त्यांच्या बँका बाहेरच्या जगाशी जोडलेल्याच नाहीत. सगळ्या सहलीचे पैसे रोख न्यायचे, डॉलर किंवा युरोत, नोटा न फाटलेल्या, न लिहिलेल्या. बदलायला सर्राफीत जायचं (हो, आपल्या सराफाचाच शब्द). आणि मग रियाल-तोमानचा घोळ: नोटेवर रियाल छापलेलं असतं पण माणसं बोलतात तोमानमधे, एक तोमान म्हणजे 10 रियाल. कुणीही भाव सांगितला की एकच प्रश्न विचारायचा, "रियाल की तोमान?" आई एका टॅक्सीवाल्याला दहापट पैसे देऊन उतरली होती, तो गाडी थांबवून आमच्या मागं चालत आला आणि जास्तीच्या नोटा मोजून आईच्या हातात ठेवून गेला. पण प्रत्येक वेळी समोरच्यावर का टाकायचं, आपणच विचारावं.

कपडे सोपे आहेत. पुरुषांनी पूर्ण पँट, शॉर्ट्स नकोत. बायकांनी डोक्यावर स्कार्फ, लांब बाह्या आणि मांडीपर्यंत येणारा सैल कुर्ता, आपला नेहमीचा पंजाबी ड्रेस एकदम चालतो. रस्त्यावर तिथल्या पोरी स्कार्फशिवाय दिसल्या तरी कायदा अजून आहे आणि पाहुण्यानं तो पाळावा असं माझं मत. बूट काढायला सोपे असे घ्या.

कधी जायचं

एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. त्यांच्या कॅलेंडरमधे 21 एप्रिलला अर्दिबेहेश्त महिना लागतो आणि शिराझचा अर्दिबेहेश्त हे इराणमधे घराघरात बोललं जातं. कारण नारंज. नारंज म्हणजे आंबट संत्र्याचं झाड, बागेत, फुटपाथवर, मशिदीच्या मागं, सगळीकडं तेच आणि त्याला वसंतात पांढरी फुलं येतात, त्यांना बहार-नारंज म्हणतात. संध्याकाळी वारा सुटला की अख्ख्या गल्लीला वास. आपला नारिंगी शब्द आणि त्यांचा नारंज एकाच मुळाचे, संस्कृत नारंग तिकडं गेला आणि पुढं जगभर फिरला.

ऑक्टोबरही चांगला, 11-12 ऑक्टोबरच्या आसपास हाफिझचा दिवस असतो. टाळायचं ते नवरोजचं (इराणी नववर्ष), म्हणजे 20-21 मार्चपासूनचे साधारण दोन आठवडे, अख्खा इराण सुट्टीवर असतो आणि निम्मा शिराझला येतो असं वाटावं इतकी गर्दी. उन्हाळ्यात दुपारी फिरवत नाही. गाव साधारण 1500 मीटर उंचीवर आहे आणि हवा कोरडी, ओठ फुटतात, पाणी जवळ ठेवा. शुक्रवारी बाजार बंद असतो हे पण धरून चाला.

पहिली सकाळ: गुलाबी मशीद

मशीद-ए-नासिर-ओल-मोल्क. 1876 ते 1888 या काळात बांधली, काजार राजवटीत. दार उघडायच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. आत शिरल्यावर अंगणात फोटो काढत बसू नका, सरळ पश्चिमेच्या बाजूचा जो खांबांचा दिवाणखाना आहे, शबिस्तान म्हणतात त्याला, तिथं जा. त्याच्या रंगीत काचांच्या दारांचं तोंड अंगणाकडं, म्हणजे पूर्वेला. सूर्य समोरच्या इमारतीवरून वर आला की उजेड काचांतून गालिच्यावर पडतो, लाल, निळा, पिवळा, हिरवा, आणि पिळाच्या नक्षीच्या दगडी खांबांवर चढतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो म्हणून उजेड आतपर्यंत पोचतो, उन्हाळ्यात लवकर आटपतो. एप्रिलमधे आम्हाला तासभर मिळाला.

इथं एक विनंती. बहुतेक लोक त्या रंगात बसून स्वतःचे फोटो काढतात, रांग लागते, धक्काबुक्की होते. तुम्ही दोन फोटो काढा आणि मग मागच्या भिंतीला टेकून बसून राहा. आम्ही बसलो होतो तेव्हा निळा पट्टा आधी आईच्या पायाच्या बोटांवर होता, बघता बघता पावलावर आला आणि मग हळूच सरकून गालिच्यावर गेला. आई कितीतरी वेळ पाय न हलवता बसली होती.

उजेड संपला की अंगणात या आणि टाइल्स बघा. गुलाबी मशीद हे नाव या टाइल्समुळं, त्यात गुलाब आहेत, फुलदाण्या आहेत, चक्क घरं आणि इमारतींची चित्रंसुद्धा आहेत. या कामाला हफ्त-रंगी म्हणतात, हफ्त म्हणजे सात, आपला हप्ता तोच. एकाच टाइलवर अनेक रंग भरून भाजायचं. याच्या आधीची जुनी पद्धत वेगळी, एकेका रंगाची टाइल भाजून तिचे बारीक तुकडे कापून जुळवायचे. हफ्त-रंगीत काम भराभर होतं आणि चित्रासारखे रंग खेळवता येतात, म्हणून काजार काळात ती फार चालली.

आणि पूर्वेच्या दालनाकडं गेल्याशिवाय बाहेर पडू नका. तिथं जुनी विहीर आहे, तिला गाव-चाह म्हणतात. गाव म्हणजे गाय-बैल, चाह म्हणजे विहीर. जनावर उतारावरून खाली चालत जायचं आणि दोर ओढला जाऊन पाणी वर यायचं. म्हणजे आपली मोट! आजोळी मोट बघितलेल्या आईला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही, तिनंच मला सांगितलं.

तिथून चालत पाच-सात मिनिटांवर नारंजिस्तान-ए-कवाम, श्रीमंत कवाम घराण्याचा वाडा, समोर बाग आणि आत आरशांचं काम. सकाळीच उरकून घ्या.

दुपार: वकीलचं गाव

ऊन चढलं की छताखाली जायचं. शिराझचा मधला बराचसा भाग करीमखान झंदनं अठराव्या शतकात बांधला. या माणसानं राज्य केलं पण शहा म्हणवून घेतलं नाही, स्वतःला वकील म्हणवलं, रयतेचा वकील. म्हणून वकील मशीद, वकील बाजार, वकील हमाम (न्हाणीघर). राजा नाही, राजाच्या नावानं कारभार बघणारा, हे आपल्याला पटकन समजतं, आपला पेशवा हा शब्दही फारसीच.

आधी किल्ला, अर्ग-ए-करीमखान. चार गोल बुरूज आणि त्यातला एक सरळ सरळ कललेला दिसतो, खालच्या हमामाचं पाणी मुरून पाया खचला असं सांगतात. आत नारंजाची झाडं. अर्धा तास पुरे.

मग वकील मशीद, इथं मात्र वेळ द्या. नासिर-ओल-मोल्कसारखे रंग इथं नाहीत आणि गर्दीही नाही. दक्षिणेच्या शबिस्तानात 48 खांब आहेत, प्रत्येक खांब अखंड दगडाचा, पिळ घातल्यासारखा कोरलेला, वर केळीच्या गाभ्यासारखी उलगडत जाणारी पानं. मधे उभं राहिलं की कुठल्याही बाजूला बघा, खांबांची रांगच दिसते. एका टोकाला अखंड संगमरवराचा मिंबर (प्रवचनाचं उंच आसन) आहे, 14 पायऱ्यांचा, तो दगड अझरबैजान भागातल्या मराघेहून आणलेला, म्हणजे इराणच्या पार दुसऱ्या टोकाहून. आम्ही गेलो तेव्हा दुपारी आत आम्ही दोघी, एक झाडणारे काका आणि चिमण्या.

बाहेर आलं की लगेच बाजार. उंच विटांच्या कमानींचं छत, मधे मधे झरोके, बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गार. मसाले, कश्काई या भटक्या लोकांचे रंगीत घागरे, खातमचं काम (लाकडावर बारीक तुकड्यांची जडणघडण, शिराझची खासियत). बाजाराच्या एका टोकाला सराय-ए-मोशीर आहे, जुनी धर्मशाळा, मधे हौद, तिथं बसून चहा घ्या. चहा बिनदुधाचा, साखरेचा खडा दातात धरून वरून प्यायचा.

दुकानदार पैसे घेताना म्हणेल "काबेल नदारे", म्हणजे तुमच्यापुढं याची काय किंमत. हा तारूफ, रीत आहे ती. खरंच फुकट दिलं असं समजून निघून जाऊ नका, दोन-तीनदा आग्रह करून पैसे द्यायचे. पाहुण्याला "जेवूनच जा" म्हणतो त्यातलाच प्रकार.

खायचं काय, विशेषतः शाकाहारी असाल तर. "बिदून-ए-गूश्त" हे दोन शब्द पाठ करा, मांसाशिवाय. कश्क-ए-बादेंजान, म्हणजे भरताच्या जवळचं वांग, अदस-पोलो, म्हणजे मसुराचा भात, शिराझी सालाद आपल्या कोशिंबिरीची बहीण, आणि दही तर सगळीकडं. सूपसारखं आश दिसायला शाकाहारी असतं पण विचारून घ्या. आणि फालूदे! शिराझचं फालूदे म्हणजे आपला फालुदा ज्याच्यावरून आला तो, पण दूध नाही, सब्जा नाही. पिठुळाच्या बारीक शेवया अर्धवट गोठवलेल्या, त्यावर गुलाबपाणी आणि लिंबू पिळायचं. पहिला घास कडक थंड, दुसऱ्याला लिंबू लागतं.

शाह-चेराग आणि जुनी जामे मशीद

हे उतरत्या दुपारी किंवा रात्री. शाह-चेराग हा दर्गा आहे, शियांचे आठवे इमाम रझा यांचे भाऊ अहमद आणि मुहम्मद यांची तिथं कबर, शिया लोकांसाठी फार मोठं तीर्थ, तेव्हा पर्यटक म्हणून नाही तर देवळात जाताना जसे जातो तसे जा. बायका-पुरुषांची दारं वेगळी. 2022 आणि 2023 मधे इथं गोळीबार झालेत त्यामुळं तपासणी कडक असते, मोठा कॅमेरा आणि बॅग बाहेर ठेवायला लागते. बायकांना दारात चादर देतात, ती डोक्यावरून घेऊन पुढं हातानं धरायची. माझी दर मिनिटाला घसरत होती, आईनं मात्र नऊवारीचा पदर सांभाळल्यासारखी धरली, तिथल्या एका आजींनी तिला बघून मान डोलावली. परदेशी माणसांबरोबर बहुतेकदा तिथलाच एक स्वयंसेवक देतात, पैसे घेत नाहीत, प्रश्न विचारा, मनापासून सांगतात. आत भिंती, छत, कमानी सगळं आरशाच्या तुकड्यांचं, एक झुंबर हजार झुंबरं होतं. लोक रडत असतात, प्रार्थना करत असतात. फोटो नकोतच.

मागच्याच बाजूला मशीद-ए-जामे-अतीक. 894 मधे सफ्फारी राजा अम्र इब्न लैसनं सुरू केलेली, गावातली सगळ्यात जुनी. अंगणाच्या मधोमध दगडी चौकोनी इमारत आहे, खोदाखाने, 1351 ची, काब्याच्या घाटाची, कुराणाच्या प्रती ठेवायला बांधलेली. बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. तुम्ही या.

बागा

बाग-ए-एरम बघायला चार वाजता जा. 2011 मधे युनेस्कोनं पर्शियन बागा म्हणून इराणमधल्या नऊ बागा जागतिक वारशात घेतल्या त्यातली ही एक. आपल्याला बाग म्हणजे हिरवळ आणि फुलं वाटतात, इथं बाग म्हणजे आधी भिंत, मग पाणी, मग सावली. आजूबाजूला उघडे बोडके डोंगर, त्यात उंच भिंत घालून आत पाटानं पाणी खेळवायचं. सरळ पाट, उतारावरून पायरी पायरीनं उतरणारा, त्याच्या दोन्ही अंगाला झाडं, चार भाग पाडलेले म्हणून चार-बाग. एरममधे सायप्रसची झाडं इतकी उंच आणि सडसडीत आहेत की त्यांना नावच आहे सर्व-ए-नाझ, सर्व म्हणजे सायप्रस, नाझ म्हणजे नखरा, लाड. वाड्याच्या समोरच्या हौदात वाडा उलटा दिसतो, तिथं फोटोवाले असतात. पण पाटाच्या कडेनं खाली चालत जा, जिथं गर्दी संपते तिथं बाकावर बसा आणि पाण्याचा आवाज ऐका. कॉलेजची पोरं अभ्यास करत बसलेली असतात, बागच शिराझ विद्यापीठाकडं आहे.

वेळ असेल तर जहान-नमा बाग हाफिझियेच्या, म्हणजे हाफिझच्या समाधीच्या, अगदी जवळ आहे, छोटी, कमी गर्दीची. दिलगुशा बाग कवी सादीच्या समाधीच्या वाटेवर.

सादी, मग हाफिझ

सादीची समाधी गावाच्या ईशान्येला, टॅक्सीनं जा. सादी तेराव्या शतकातला कवी, त्याचं बोस्तान हे पुस्तक 1257 चं, गुलिस्तान 1258 चं, आणि हिंदुस्थानात फारसी शिकणारी माणसं शतकानुशतकं गुलिस्तानपासून सुरुवात करायची. आत्ताची निळ्या घुमटाची इमारत 1952 ची आहे. पण माझी आवडती जागा खाली आहे. बाजूला पायऱ्या उतरून जमिनीखाली जायचं, तिथं कनातीचं (जमिनीखालून आणलेला पाण्याचा बोगदा) पाणी वाहतं आणि अष्टकोनी हौदात मासे आहेत. वरचं ऊन विसरायला होतं. लोक कितीतरी वेळ तिथंच बसतात.

हाफिझिये सूर्य मावळताना. गावाच्या मध्यातून आलात तर वाटेत खोश्क नदी लागते, बहुतेक वेळा कोरडीठाक, खोश्क म्हणजेच कोरडं, आपला खुष्कीचा मार्ग तिथलाच. आत गेलं की पायऱ्यांवर खांबांची एक रांग, तिच्यातले मधले चार करीमखानच्या 1773 च्या बांधकामातले, आणि पलीकडं आठ खांबांवर तांब्याचं छत्र, दरवेशाच्या टोपीसारखं. ते 1935 चं, फ्रेंच वास्तुविशारद आंद्रे गोदारनं केलेलं. छत्राखाली उभं राहून मान वर करून बघा, आतून रंगीत टाइल्सचं चक्र आहे, बाहेरून कल्पनाही येत नाही.

आणि मग माणसं बघा. हाफिझ 1390 च्या सुमाराला गेला. संध्याकाळी सहा वाजता त्याच्या कबरीभोवती कॉलेजातली पोरं, सैनिक, नवरा-बायको, आज्या, सगळे येतात, दगडावर दोन बोटं टेकवतात, ओठ हलतात. कुणीतरी मोठ्यानं गझल म्हणायला लागतं आणि दुसरी ओळ भलताच माणूस पूर्ण करतो. आळंदीला माउलींच्या समाधीपाशी उभं राहिलेल्याला हे सांगायला नको.

इथं फाल काढायची रीत आहे. हाफिझचा दीवान (गझलांचा संग्रह) हातात घ्यायचा, मनात प्रश्न धरायचा, त्याला नियतच म्हणतात, डोळे मिटून पान उघडायचं आणि जी गझल येईल ती उत्तर. कोकणात देवाला कौल लावतात तसं, फक्त कौल देणारा कवी. बाहेर दाराशी छोटे पक्षी घेऊन माणसं उभी असतात, पक्षी चोचीनं चिठ्ठी काढतो, तीही घ्या, पण खरी फाल कुणाकडून तरी वाचून घ्या. आम्ही शेजारी बसलेल्या एका मुलीला विचारलं, तिनं स्वतःच्या पिशवीतला दीवान काढला, आईच्या हातात दिला, आईनं पान उघडल्यावर वाचला आणि मग मोडक्या इंग्रजीत समजावला. आईनं काय विचारलं होतं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

दख्खनच्या माणसानं एक गोष्ट इथं आठवावी. बहामनी सुलतानानं हाफिझला गुलबर्ग्याला बोलावलं होतं, दरबारातल्या मीर फझलुल्ला इंजूनं वाटखर्चही पाठवला. फिरिश्ता या इतिहासकारानं पुढं विजापुरात बसून लिहिलेल्या इतिहासात ही हकीकत आहे. हाफिझ निघाला, होर्मुझला पोचला, जहाजात चढला, तेवढ्यात वादळ झालं. तो उतरला, एक गझल लिहून पाठवून दिली आणि शिराझला परत गेला. समुद्रापेक्षा त्याला रुकनाबादचं पाणी बरं वाटलं, त्या ओढ्याचं नाव त्यानं गझलेत घालून ठेवलंय.

शेवटचा दिवस

पर्सेपोलिसला जायचं असेल तर तो पूर्ण वेगळा दिवस धरा, साधारण 60 किलोमीटर आहे, पहाटे निघा.

गावातला शेवटचा दिवस मात्र मोकळा ठेवा. संध्याकाळी कुराण दरवाज्यापाशी जा. पूर्वी कमानीवर कुराण ठेवलेलं असायचं, गाव सोडणारा त्याच्याखालून जायचा म्हणजे प्रवास सुखाचा होतो अशी श्रद्धा. वरच्या डोंगरउतारावर खाजू किरमानीची कबर आहे, हाफिझच्या आधीचा कवी, कबरीवर छप्पर नाही, उघड्या आभाळाखाली. तिथून अख्खं शिराझ दिसतं, दिवे लागतात ते बघा. खाली उतरून टॅक्सी करा आणि दार बंद व्हायच्या आत हाफिझियेत परत जा, या वेळी कॅमेरा हॉटेलवरच ठेवून. बाजारातून वाळलेलं बहार-नारंज घेतलं असेल तर ते बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवा, डब्यात नको. आमच्या घरी आईच्या त्या निळ्या साडीला अजून वास येतो.